बॅटरीची प्रकृती ओळखणारा एडिसन

पावसाळा सरत आला की भोर आणि वेल्हे परिसरातल्या गडवाटा पुन्हा गजबजू लागतात. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वराचे पठार सगळीकडे रानफुले फुललेली असतात आणि चार महिने कपाटात पडून असलेले डिजिटल कॅमेरे बाहेर निघतात. मग दरवर्षीची तक्रार सुरू होते. रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी गडाचा अर्धा चढ संपायच्या आतच मान टाकते. कुणाची बॅटरी फुगून कप्प्यात अडकून बसलेली असते. त्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नकोस, नवी बॅटरी पहिल्यांदा बारा तास लावून ठेव, वापर नसेल तर भरून ठेवून दे.

गंमत अशी की, यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या बॅटरीसाठी बरोबर होता. घोटाळा होतो तो एका रोग्याच्या चिठ्ठीवरचे औषध दुसऱ्याला दिल्यामुळे. बॅटरीलाही प्रकृती असते. ती आतल्या रसायनांवरून ठरते, आणि पथ्य त्या प्रकृतीप्रमाणेच पाळावे लागते. हे ज्याने स्वतःचा पैसा, नाव आणि उमेदीची दहा वर्षे खर्चून शिकून घेतले, त्या थॉमस अल्वा एडिसनचा १८ ऑक्टोबर हा स्मृतिदिन. एडिसन म्हटले की विजेचा दिवा आठवतो. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी त्याने केलेली धडपड मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

आम्लाने घालवलेली नोकरी

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. पुढे कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉनला गेले. शाळेत त्याचे बस्तान बसले नाही. शिक्षिका राहिलेल्या आईने, नॅन्सीने, त्याला घरीच शिकवले. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाल्याचे सांगतात आणि कानही वारंवार फुटत. प्रतिजैविकांच्या आधीच्या त्या काळात मधल्या कानाचा असा जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे चाले आणि ऐकू येणे कमी होत जाई. एडिसनचेही तसेच झाले असावे. आगगाडीतल्या गार्डाने कानाखाली मारल्यामुळे तो बहिरा झाला, ही गोष्ट रंजक आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या कान फुटण्याचे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळाही थाटली होती. पुढे एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून ओढून वाचवले आणि त्या उपकाराची फेड म्हणून मास्तरने त्याला तारयंत्र शिकवले. तारयंत्र चाले बॅटरीवर. काचेच्या बरण्यांत रसायने आणि धातूच्या पट्ट्या असे त्या बॅटरीचे रूप होते. त्या बरण्या स्वच्छ करणे, द्रावण बदलणे, पट्ट्यांवरचा थर खरवडणे ही तारखात्यातल्या पोरांची रोजची कामे होती. बॅटरी निगा मागते, हे एडिसनला पुस्तकातून नव्हे तर हाताला कळले.

१८६७ साली तो लुइव्हिल शहरात रात्रपाळीला होता. पाळीत काम कमी असले की त्याचे प्रयोग चालत. एका रात्री शिशाच्या बॅटरीशी खटपट करताना सल्फ्युरिक आम्ल जमिनीवर सांडले. ते लाकडी फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर ठिबकले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी एडिसनच्या मनातून उतरली ती उतरलीच.

बॅटरीवर चालणारा कॅमेरा

पुढची हकिकत सर्वांना माहीत आहे. १८७६ साली मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली टिकाऊ दिवा आणि १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र. ही एकट्याची कमाई नव्हती. त्याच्यामागे कुशल कारागिरांची आणि रसायनतज्ज्ञांची मोठी फौज होती. शिवाय प्रतिस्पर्ध्यांची प्रत्यावर्ती वीज धोकादायक आहे हे ठसवण्यासाठी जनावरांना विजेचे झटके देण्याच्या प्रयोगांना त्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तो डागही त्याच्या चरित्रात आहे.

१८८७ साली वेस्ट ऑरेंज येथे त्याची नवी, मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे विल्यम डिक्सन या सहकाऱ्याने त्याच्या देखरेखीखाली चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा बनवला. त्याचे नाव कायनेटोग्राफ. त्यातली फिल्म विजेच्या मोटरने सरके आणि मोटरला वीज मिळे बॅटरीतून. चित्रे छान येत, पण सगळे धूड चारशे किलोंहून जड होते. कॅमेरा माणसांपर्यंत नेणे शक्यच नव्हते. म्हणून माणसांनाच कॅमेऱ्यापुढे आणावे लागे. पहिलवान, नर्तिका, कसरतपटू त्याच्या काळ्या रंगाच्या चित्रणगृहात येत आणि तिथेच चित्रण होई.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी बॅटरीच काढून टाकली. त्यांचा कॅमेरा हाताने फिरवायच्या दांड्यावर चालणारा आणि हातात उचलून नेण्याइतका हलका होता. त्यामुळे तो जगभर गेला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे चित्रपट दाखवले गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईतली कुस्ती चित्रित केली आणि दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. हे सगळे हाताने दांडा फिरवून झाले. कॅमेरा सोबत न्यायचा असेल तर बॅटरी हलकी, बंदिस्त आणि पुन्हा भरता येणारी हवी. तशी बॅटरी तेव्हा कुणाकडेच नव्हती.

क्ष-किरणांनी दिलेला धक्का

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी एडिसनने क्ष-किरणांची प्रतिमा थेट पडद्यावर दाखवणारे उपकरण बनवले. त्यात त्याचा उजवा हात होता काच फुंकणारा कारागीर क्लॅरेन्स डॅली. नळी नीट चालते का हे पाहण्यासाठी डॅली स्वतःचा हात किरणांपुढे धरी. दिवसातून कितीतरी वेळा आणि कित्येक महिने हे चालले. त्याच्या हाताची कातडी लाल झाली, सोलली, तिथे न भरणाऱ्या जखमा झाल्या आणि पुढे कर्करोग झाला. बोटे, मग हात असे एकेक अवयव कापावे लागले. ऑक्टोबर १९०४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी डॅली वारला. एडिसनच्याही डोळ्यांना त्रास झाला होता. त्याने क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले.

डॅलीच्या हातावर जे झाले ते एका दिवसात झाले नाही. रोजची थोडी थोडी इजा साठत गेली आणि दिसू लागली तेव्हा उशीर झाला होता. बॅटरीचे बिघडणेही याच पद्धतीचे असते. उष्णता, जास्त चार्जिंग, पूर्ण रिकामी होणे यांची इजा आत साठत राहते आणि वरून बॅटरी धडधाकट दिसते. फरक इतकाच की बॅटरी बदलून मिळते.

परत मागवलेली बॅटरी

विसावे शतक उजाडले तेव्हा अमेरिकेतल्या मोटारगाड्यांत विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यात शिशाच्या बॅटऱ्या असत. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधलेली ही पहिली पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. ती जड होती, तिच्यातले आम्ल धातू खाई आणि ती रिकामी ठेवली की पट्ट्यांवर कठीण थर बसून निकामी होई. एडिसनला आम्ल नको होते. त्याने अल्कलीचा, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा रस्ता धरला. एका बाजूला लोखंड आणि दुसऱ्या बाजूला निकेलचे संयुग. त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हाही याच वाटेवर होता. निकेल-कॅडमियम बॅटरी त्याची. दोघांत पेटंटवरून वादही झाले.

हजारो प्रयोगांनंतर १९०३ साली एडिसनची बॅटरी बाजारात आली. गाजावाजा मोठा झाला, विक्रीही चांगली झाली. मग तक्रारी येऊ लागल्या. काही डबे गळत होते. त्याहून वाईट म्हणजे, काही महिन्यांच्या वापरानंतर बॅटरीत मावणारी वीज कमी कमी होत होती. आत निकेलच्या संयुगाला वीज वाहून नेण्यासाठी ग्रॅफाइटची भुकटी मिसळली होती. चार्जिंग होताना पदार्थ फुगे, वापरताना आकसे आणि या श्वासोच्छ्वासात ग्रॅफाइटचा संपर्क सुटत जाई. पहिल्या दिवशी उत्तम चालणारी बॅटरी तीनशेव्या दिवशी कशी चालेल, हे कारखान्यातल्या चाचणीत कळले नव्हते.

तक्रारी करणारे गिऱ्हाईक थोडे होते. बॅटरी खपत होती. तरीही एडिसनने १९०४ साली विक्री थांबवली, कारखाना बंद केला आणि सदोष बॅटऱ्या परत घेतल्या. डॅली वारला तेही हेच वर्ष. एडिसन तेव्हा ५७ वर्षांचा होता, जगभर नावाजलेला होता आणि आपली वस्तू सदोष आहे हे उघडपणे मान्य करण्यात नाव व पैसा दोन्हींची झीज होती.

पुढची पाच वर्षे पुन्हा प्रयोगांत गेली. फोनोग्राफ आणि चित्रपट यांतून मिळणारा पैसा बॅटरीत जिरत राहिला. ग्रॅफाइटच्या जागी कागदाहून कितीतरी पातळ अशा निकेलच्या चकत्या आल्या. निकेलचे संयुग आणि या चकत्या यांचे एकाआड एक शेकडो थर छिद्रे असलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरले. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले, तर बॅटरीची क्षमता आणि आयुष्य दोन्ही वाढले. बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पाहिल्या, खडबडीत रस्त्यांवर गाड्यांतून फिरवल्या. नवी बॅटरी बाजारात आली १९०९ साली. ती इतकी चिवट निघाली की तिच्यातले काही घट कित्येक दशके चालत राहिले.

मात्र तोवर जग पुढे गेले होते. पेट्रोलवरची गाडी स्वस्त झाली होती. १९१२ पासून गाडी सुरू करायला बॅटरीचा स्टार्टर आला, पण त्याला क्षणभरात मोठा झटका देणारी बॅटरी लागते. ते काम शिशाची बॅटरी करी. एडिसनची बॅटरी सावकाश वीज देणारी होती, थंडीत तर ती फारच मंदावे. ज्या गाड्यांसाठी ती घडवली त्या गाड्याच मागे पडल्या. बॅटरीला दुसरी घरे मिळाली. रेल्वेचे सिग्नल, मालाच्या गाड्या आणि खाणी.

खाणीतला दिवा, पाणबुडीतला स्फोट

कोळशाच्या खाणीत मिथेन वायू साठतो. खाणकामगार टोपीवर उघड्या ज्योतीचा दिवा लावून उतरत आणि एका ठिणगीने शेकडो माणसे मरत. एडिसनने आपली बॅटरी कमरेला आणि विजेचा दिवा टोपीवर अशी जोडणी केली. १९१५ साली अमेरिकेच्या खाण विभागाने तिला मान्यता दिली. पाळी संपली की दिवे एका खोलीत चार्जिंगला लागत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामगारांच्या कमरेला. चार्ज होणाऱ्या बॅटरीने वाचवलेल्या जिवांचा हिशेब मांडायचा तर या दिव्यापासून सुरुवात करावी लागेल.

याच बॅटरीने जीवही घेतले. पाणबुडीत समुद्राचे पाणी शिशाच्या बॅटरीतल्या आम्लाला मिळाले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. एडिसनच्या बॅटरीत आम्ल नाही, म्हणून अमेरिकी नौदलाने ई-२ या पाणबुडीत ती बसवून पाहिली. पण ही बॅटरी हायड्रोजन वायू सोडते आणि हायड्रोजन ठिणगीने पेटतो. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या गोदीत ती पाणबुडी दुरुस्तीला उभी होती, आत माणसे काम करत होती आणि साठलेल्या वायूचा स्फोट झाला. त्यात माणसे दगावली. एक विष टाळताना दुसऱ्या धोक्याची पुरेशी तजवीज झाली नव्हती. बॅटरीला हवा लागते, मोकळी जागा लागते, आणि एका जातीच्या बॅटरीचे नियम दुसरीला लावून चालत नाही, हे त्या अपघातातून पुढे आले.

एडिसन स्वतःच्या शरीराला मात्र असे नियम लावत नसे. झोप म्हणजे वेळेचा अपव्यय असे त्याचे मत होते. प्रयोगशाळेतच मिळेल तिथे तो डुलक्या काढी आणि माणसांनाही रात्र रात्र राबवी. अपुऱ्या झोपेचा रक्तदाब, साखर आणि स्मरणशक्ती यांच्याशी असलेला संबंध आज स्पष्ट झाला आहे, त्यामुळे या बाबतीत त्याचे अनुकरण नको. उतारवयात त्याला मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार जडला. अखेरीला तर तो बहुतांशी दुधावरच राहिला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, ८४ व्या वर्षी, वेस्ट ऑरेंज येथील घरी त्याचे निधन झाले.

निकेलकडून लिथियमकडे

एडिसन आणि युंगनर यांनी घडवलेली निकेलची पट्टी आजही संपलेली नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत आणि फ्लॅशमध्ये जे पेन्सिल सेल चार्ज करून वापरतात, ते निकेल-मेटल हायड्राइड जातीचे. त्यांची धन बाजू निकेलच्या त्याच संयुगाची आणि एका सेलचा दाबही तोच, सुमारे १.२ व्होल्ट.

बॅटरी पूर्ण संपवून मग चार्ज करण्याचा सल्ला या निकेलच्या घराण्यातला आहे. निकेल-कॅडमियम सेल पुन्हा पुन्हा अर्धवट वापरून भरला की त्याचा दाब लवकर उतरू लागे. म्हणून अधूनमधून तो रिकामा करणे हिताचे होते. हे सेल पडून राहिले की आपोआपही उतरत, म्हणून नवे सेल आधी चांगले भरून घ्यावे लागत. सल्ले खरे होते, पण ते त्या प्रकृतीचे.

१९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हातात मावणारे व्हिडिओ कॅमेरे हे तिच्या पहिल्या घरांपैकी एक ठरले. एडिसनच्या कॅमेऱ्याला जी बॅटरी मिळाली नव्हती ती सुमारे शंभर वर्षांनी मिळाली. हिच्यात लिथियमचे कण एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांतून दुसऱ्या बाजूच्या धातूच्या संयुगात जातात आणि चार्जिंगच्या वेळी परत येतात. एका घटाचा दाब साधारण ३.६ ते ३.७ व्होल्ट, म्हणजे निकेलच्या तिप्पट. वजनाला हलकी, क्षमतेला मोठी, पण स्वभावाने नाजूक. एडिसनची बॅटरी जास्त चार्ज झाली किंवा महिनोन्‌महिने रिकामी पडली तरी सहन करी. लिथियमची बॅटरी यातले काहीच सहन करत नाही.

कॅमेऱ्याच्या बॅटरीची पथ्ये

पहिले पथ्य म्हणजे उपास नको आणि अतिभोजनही नको. लिथियमची बॅटरी पूर्ण संपण्याची वाट पाहू नये. पाव-अर्धी उरली असताना चार्ज केली तरी तिचे काही बिघडत नाही, उलट ते तिला मानवते. अगदी रिकामी होऊन ती महिनोन्‌महिने पडली तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. अशी बॅटरी चार्जरला दाद देत नाही. ती दोन पिना टेकवून कशीही जिवंत करण्याचा खटाटोप करू नये.

दुसरे, चार्जर तिचाच हवा. चांगला चार्जर आधी भराभर वीज देतो आणि बॅटरी भरत आली की हात आखडता घेतो, म्हणून शेवटच्या थोड्या भागाला वेळ जास्त लागतो. दाब एका ठरावीक मर्यादेपलीकडे, बहुतेक बॅटऱ्यांत घटामागे ४.२ व्होल्टच्या वर, जाऊ न देणे हे त्याचे मुख्य काम. कुठलीही बॅटरी चालेल असे म्हणणाऱ्या स्वस्त चार्जरला ही मर्यादा पाळता येईलच असे नाही. दिवा हिरवा झाला की बॅटरी काढावी. गादीवर, उशीखाली, कागदांच्या ढिगात चार्जिंग नको.

तिसरे, ऊन. वेल्ह्याकडे जाताना गाडी पायथ्याला उन्हात उभी असते, काचा बंद आणि कॅमेऱ्याची पिशवी मागच्या काचेजवळ. ऑक्टोबरच्या उन्हात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर चढते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर अशा उष्णतेने ती फार लवकर म्हातारी होते. पिशवी सोबत न्यावी किंवा सावलीत, सीटखाली ठेवावी. चढून आल्यावर गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. थोडी निवू द्यावी.

चौथे, थंडी. डिसेंबर-जानेवारीत रायरेश्वरावर किंवा राजगडावर मुक्काम केला की पहाटे बॅटरी अचानक उतरलेली दिसते. ती मेलेली नसते. थंडीत आतली हालचाल मंदावते एवढेच. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. मात्र त्याच खिशात किल्ल्या किंवा नाणी नकोत. दोन टोके धातूने जोडली गेली की शॉर्ट होऊन चटका बसतो, आगही लागू शकते. टोकांवर प्लॅस्टिकचे झाकण असावे.

पाचवे, पावसाळ्यातला मुक्काम. चार महिने कॅमेरा वापरायचा नसेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी. ती कॅमेऱ्यातून काढून कोरड्या, थंडशा जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावी. भोर-वेल्ह्याच्या पावसात टोकांवर ओल धरते आणि गंज चढतो. फ्रिजमधून काढलेल्या बॅटरीवर दव जमते, म्हणून तो उपाय घरी करू नये. दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासून थोडी भरावी. ओढ्यात किंवा पावसात भिजलेली बॅटरी वाळलेली दिसली तरी चार्जिंगला लावू नये.

निकेलचे पेन्सिल सेल असतील तर नियम थोडे वेगळे. चारही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच क्षमतेचे वापरावेत. जुने आणि नवे मिसळले की अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून उलटी वीज ढकलतात. कधीतरी ते पुरते वापरून मग भरणे त्यांना मानवते. चार्ज न होणारे साधे सेल चार्जरमध्ये कधीही घालू नयेत.

इजा झाली तर

पेन्सिल सेलमधून पाझरलेली पांढरी बुरशीसारखी खपली म्हणजे अल्कली. ती बोटाने खरवडू नये. डोळ्यात गेली तर निदान १५ ते २० मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मग लगेच डॉक्टर गाठावा. अल्कली आम्लापेक्षा डोळ्यात खोल शिरते, म्हणून आधी धुणे, मग धावपळ.

लिथियमची बॅटरी सुंसुं आवाज करू लागली, तिच्यातून गोडसर उग्र वास किंवा धूर येऊ लागला तर खोलीबाहेर पडावे. तो धूर फुफ्फुसांना घातक असतो. आग छोटी आणि आवाक्यातली असेल तरच दुरून भरपूर पाणी ओतून ती थंड करावी, नाहीतर ११२ वर मदत मागवावी. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये.

रिमोटमध्ये आणि काही कॅमेऱ्यांत असलेले नाण्याएवढे सेल लहान मुलांपासून दूर ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर तो फुटण्याची गरज नसते. ओल्या अस्तरातून वीज वाहते, तिथेच तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये. उलटी करवू नये. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवरून पुणे गाठायलाच त्या दोन तासांतला बराच वेळ जातो, म्हणून सकाळ होण्याची वाट पाहण्यात धोका आहे.

आणि फुगलेली बॅटरी. आत वायू साठला आहे, हे तिचे लक्षण. ती दाबून बसवू नये, टोचू नये, अजून थोडे दिवस चालेल म्हणून चार्ज करू नये. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी, ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये. नव्या बॅटरीवर विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवली तर तिचे वय लक्षात राहते. दोन-चार वर्षांनी तिची ताकद ओसरणे हा तिचा धर्मच आहे. एडिसनने आपल्या नावाच्या बॅटऱ्या, खपत असतानाही, बाजारातून परत घेतल्या. कॅमेऱ्याच्या पिशवीतून एक फुगलेली बॅटरी बाहेर काढायला त्याच्या शतांशानेही धैर्य लागत नाही.